क्रमांक राहिले, नावं गेली

माझी पहिली नोकरी जळगावला एका संस्थेच्या प्रकल्पात होती. नव्वदीचं दशक निम्म्यावर आलं होतं आणि मी तेवीस वर्षांची होते. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जाऊन लहान मुलांच्या बोटातून रक्त घ्यायचं, ते तपासायला मुंबईला पाठवायचं आणि कुणाला सिकलसेल आहे ते शोधायचं, असं ते काम. हा आजार आईबापांकडूनच येतो. रक्तातल्या पेशी वाकतात, अडकतात, हातपाय ठणकतात, ताप येतो. मूल आजारी आहे हे आधी ठाऊक असलं तर खूप काही टाळता येतं. ठाऊक नसलं तर घरचे लोक साधा ताप समजून बसतात.

कार्यालय म्हणजे डाळमिलच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या. डाळीच्या टरफलांची बारीक धूळ दिवसातून दोनदा पुसली तरी टेबलावर बोट उमटायचं. आम्ही तिघंच. एक साहेब, ते नाशिकचे, आठवड्यातले चार दिवस इथे असायचे. दुसरे नाना. ते शिंदखेड्याकडचे, आरोग्यखात्यातून निवृत्त झालेले, गावोगाव जाऊन रक्त घेण्याचं काम त्यांचं. आणि मी, कॉम्प्युटरवर.

कॉम्प्युटर आमचा नव्हता, मुख्य कार्यालयाचा होता. डब्यावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर लिहिलेला. त्यात कुठला प्रोग्राम चालवायचा, पासवर्ड काय ठेवायचा, हे सगळं ते ठरवणार. दर तीन महिन्यांनी त्यांचा इंजिनिअर येऊन तपासून जायचा.

रक्ताच्या नमुन्यावर फक्त क्रमांक असायचा. नाव मुंबईला जात नसे. कारण उघड होतं. रक्तात खोट आहे असं कळलं तर सोयरीक मोडते. म्हणून नाना चिठ्ठीवर क्रमांक आणि नाव लिहून आणायचे, मी ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि चिठ्ठ्या मागच्या अंगणात जाळून टाकायच्या, असा नियम होता. कोणता क्रमांक कुणाचा, हे जगात फक्त त्या एका डब्यात होतं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

मार्च संपता संपता प्रकल्प बंद झाल्याचं पत्र आलं. मुंबईचे निकाल अजून यायचे होते, ते पोस्टानं येतील असं त्यात लिहिलं होतं. त्याच खोल्यांत बचतगटांचा नवा प्रकल्प सुरू होणार होता. साहेब तेच राहणार होते, नानांना तीन महिने मुदतवाढ होती आणि माझं अजून ठरायचं होतं. कॉम्प्युटरही तोच, पण तो नव्या प्रकल्पाच्या नावावर नव्यानं नोंदवायचा होता. त्यासाठीचा फॉर्म पत्राला जोडलेला होता. त्यातली एक ओळ अशी होती: डिस्क पूर्ण कोरी केली आहे. खाली सही.

मे महिन्यात एका सोमवारी साहेब म्हणाले, "इंजिनिअर उद्या सकाळच्या गाडीनं येतोय. मशीन कोरं दिसलं नाही तर तो नोंदणी करणार नाही, परत जाईल. मग पुढची तारीख जूनच्या शेवटी. आज उरकून टाका."

मी नावांच्या यादीची एक फ्लॉपी काढली. नाना दाराशी चपला काढत होते. नाना माझ्याशी एरवी शुद्ध बोलत, घाई असली की अहिराणी यायची.

"बठ्ठं शे का त्यामा?" त्यांनी विचारलं.

"हो नाना, सगळं आहे."

"कागदवर काढी ठेव ना ताई. कागद दिखस. हाई मले काही दिखत नाही."

मी हसले. खरंच हसले. प्रिंटरची रिबन पार फिकी झाली होती, नवी मागवायला दोन दिवस लागले असते, आणि एवढी लांब यादी छापायची म्हणजे अख्खा दिवस. उद्या इंजिनिअर आला आणि मशीन कोरं नसलं तर माझ्या पुढच्या नोकरीचं काय, हेही डोक्यात होतं. मी म्हटलं, "नाना, फ्लॉपी म्हणजे कागदच. उलट फाटायची भीती नाही."

नाना माठातलं पाणी प्यायले आणि बाहेर गेले.

दुपारी बाराच्या सुमाराला मी डिस्क फॉरमॅट करायला लावली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला की यातली सगळी माहिती नष्ट होईल, पुढे जायचं का. मी वाय दाबलं. टक्के वाढत गेले. मध्ये वीज जाऊ नये म्हणून मी स्टॅबिलायझरच्या काट्याकडे बघत बसले होते. शंभर झाले. मी फॉर्मवर सही केली आणि डबा उघडून पोळीभाजी खाल्ली.

फ्लॉपी काढल्यावर ती पुन्हा घालून, उघडून बघायची असते. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. आठ-दहा फ्लॉप्या एकामागोमाग घालून त्यानं नवे प्रोग्राम भरले, नवा पासवर्ड टाकला, डब्यावरचा जुना नंबर थिनरनं पुसून नवा रंगवला. तासाभरात नोंदणी झाली. "छान स्वच्छ दिलंत मशीन," असं तो मला म्हणाला. पुढच्या आठवड्यात माझं नेमणुकीचं पत्र आलं.

निकालाचं पाकीट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. आत एकच कागद होता, त्यावर आजार निघालेल्या मुलांचे क्रमांक. मी कपाटातून फ्लॉपी काढली आणि घातली. आतून खर्र खर्र आवाज आला, थांबला, परत आला. पडद्यावर ओळ उमटली की वाचता येत नाही. मी फ्लॉपी काढून फुंकर मारली, पुन्हा घातली. सात-आठ वेळा केलं असेल. नाना मागे उभे होते. त्यांना पडद्यावरचं इंग्रजी कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळला असावा. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

त्या दिवशी मी जळगावातल्या दोन क्लासमध्ये जाऊन तिथल्या मशीनवर प्रयत्न केला. तोच आवाज. कुणीतरी सांगितलं, धुळ्याला एक जण अशी कामं करतो. शनिवारी एसटीनं धुळ्याला गेले. आग्रा रोडच्या एका बोळात वरच्या मजल्यावर त्याचं दुकान होतं. त्यानं फ्लॉपीचं झाकण सरकवून चकती उजेडात धरली. चकतीवर एक गोल ओरखडा होता.

"धूळ गेलीय आत. ही गेली," तो म्हणाला. "पण मूळ डिस्क आहे ना?"

"ती फॉरमॅट केली."

"कधी?"

"मे महिन्यात."

"त्यानंतर काही भरलं त्यात?"

"दुसऱ्याच दिवशी. सगळे नवे प्रोग्राम."

त्यानं फ्लॉपी माझ्याकडे परत दिली. मग म्हणाला, "नुसत्या फॉरमॅटनं लगेच काही जात नाही ताई. वरचं पान पुसतं फक्त. त्याच दिवशी आणलं असतं, वर काही न भरता, तर बरंचसं परत आलं असतं. आता त्याच जागेवर दुसरं लिहिलंय."

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी सरळ बसून होते. नंतर रडले. शेजारच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की जुना प्रकल्प बंद झाला आहे, पुन्हा तपासणीची तरतूद नाही, क्रमांक जिल्हा रुग्णालयाला कळवावेत. क्रमांक कळवून रुग्णालय काय करणार होतं? साहेब मला रागावले नाहीत. "आता काय करणार," एवढंच म्हणाले आणि बचतगटांची फाईल उघडली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मार्ग नानांनी काढला. क्रमांक गावोगाव ओळीनं दिलेले होते. कोणत्या दिवशी कोणत्या पाड्यावर कोणत्या क्रमांकापासून कुठवर रक्त घेतलं ते नानांच्या डायरीत होतं. म्हणजे कागदावरचा क्रमांक कोणत्या पाड्यावरचा, एवढं नक्की सांगता येत होतं. आणि त्या पाड्यावर तो त्या दिवशी रांगेतला कितवा, तेही. फक्त त्या जागी कोण बसलं होतं, ते गावालाच विचारायचं.

जूनअखेरपासून आम्ही दोघं रविवारी जाऊ लागलो. एसटीनं चोपडा, पुढे जीप, पुढे चालत. पेरण्या चालल्या होत्या, माणसं शेतात. नाना बांधाबांधावर जाऊन बायकांना बोलावून आणायचे. शाळेच्या ओट्यावर मुलं आणि आया जमल्या की सांगायचे, "जसा त्या दिन बसेल व्हतात तसाच बसा."

आणि त्या बसायच्या. आधी गोंधळ, हसणं, ओढाओढी. तू माझ्या मागे होतीस, नाही, हा रडत होता म्हणून याला पुढे घेतलं. मग हळूहळू रांग लागायची. मी कागद घेऊन मोजत जायचे. काही पाड्यांवर सगळ्यांचं एकमत झालं, मूल सापडलं, नानांनी आईला बाजूला नेऊन समजावलं. त्यांतल्या एका मुलाला तर आधीपासून दुखणं होतंच. आईला दुखण्याचं नाव तेवढं मिळालं.

एका पाड्यावर मात्र अडलं. तिथला एकच क्रमांक कागदावर होता आणि त्या जागेवर लोक दोन मुलींची नावं सांगत होते. दोघी सहा-सात वर्षांच्या, शेजारी राहणाऱ्या. एक रडत होती म्हणून दुसरीला आधी घेतलं, हे दोन्ही आयांना आठवत होतं. कागदावरचा क्रमांक नंतर घेतलेलीचा, म्हणजे रडणारीचा होता. पण रडत होती कोण? दोघी आया आपापल्या मुलीला सोडवत होत्या. एक म्हणाली, "मन्ही पोर पुढे बसेल व्हती, ती रडनी नाही." दुसरी म्हणाली, माझी कधीच रडत नाही, सुई टोचली तरी.

आम्ही दोघींनाही तेच सांगितलं: दोघींपैकी एकीला आहे. ताप आला, हातपाय दुखले, डोळे पिवळे दिसले तर वाट न बघता थेट चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना सिकलसेल म्हणून सांगा. मी कागदावर तो शब्द मोठ्या अक्षरात लिहून दोघींना एकेक कागद दिला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही भेटलो. ते तरुण होते, भले होते. दोघींचे नमुने जिल्हा रुग्णालयात पाठवतो, म्हणाले. आठवडाभरात नाल्याला पूर आला आणि रस्ता तुटला.

ऑगस्टच्या शेवटी नाना एका सकाळी कार्यालयात आले. त्यांची मुदत तेव्हा संपली होती. मी बचतगटांची नावं भरत होते. ते उभ्यानंच म्हणाले, "ती न रडणारी पोर गेली ताई."

चार दिवस ताप होता. पायात कळा येत होत्या. घरच्यांनी गावातल्या माणसाकडून सुई टोचून घेतली, अंगारा लावला. चौथ्या दिवशी बैलगाडीतून निघाले, रस्त्यातच संपली.

पुढच्या रविवारी आम्ही तिथे गेलो. आई बाहेर खाटेवर बसली होती. मी दिलेला कागद तिनं डब्यातून काढून आणला. तो तिनं जपून ठेवला होता. ती आपल्या बोलीत नानांशी बोलत होती, नाना मला सांगत होते.

"ती म्हणतेय, घरचे म्हणाले, तो आकडा त्या दुसरीचा. आपल्या पोरीला साधा ताप. सासू म्हणाली, तसं असतं तर सरकारच्या लोकांनी नक्की सांगितलं असतं."



मग तिनं एक प्रश्न विचारला. नानांनी तो लगेच सांगितला नाही. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"विचारतेय की तिचं नाव आधीच कळलं असतं, तर राहिली असती का."

नाना माझ्याकडे बघत होते. मी काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला आजही ठाऊक नाही. मी म्हटलं, "सांगा, माहीत नाही म्हणून." नानांनी सांगितलं. पण त्या बाईला थोडं मराठी कळत होतं, ती आधीच मान खाली घालून कागदाची घडी घालायला लागली होती. मग मी नानांना म्हटलं, "आणि हेही सांगा की नावं माझ्याकडे होती. माझ्या हातून गेली."

नाना म्हणाले, "राहू दे ताई."

"सांगा, नाना."

त्यांनी सांगितलं की नाही, मला कळलं नाही. ते बरंच काही बोलले. बाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आत गेली आणि दोन पेल्यांत काळा चहा घेऊन आली. तो मी प्यायले.

दुसऱ्या मुलीचा नमुना ऑक्टोबरमध्ये तपासून आला. तिला काही नव्हतं.

मी त्या नोकरीत पुढच्या मार्चपर्यंत राहिले. मशीन उत्तम चाललं, एकदाही अडलं नाही. बचतगटांच्या नावांची यादी दर शनिवारी मी नव्या रिबनवर छापायचे, दोन प्रती, आणि घरी नेऊन ठेवायचे. साहेबांनी एकदा विचारलं, इतका कागद कशाला. मी दोन्ही प्रती पिशवीत घातल्या.

नाना त्यानंतर फारसे भेटले नाहीत. एकदा जळगाव स्टँडवर दिसले, धुळ्याच्या गाडीत खिडकीशी बसलेले. मी हात केला. त्यांनीही केला. गाडी सुटायला वेळ होता, ते खाली उतरून दोन शब्द बोलले असते, किंवा मीच वर चढले असते. दोघांनीही ते केलं नाही.