दारात उभी राहणारी शांतव्वा

शांतव्वा आमच्या नांदेडच्या घरी येताना कधी बेल वाजवत नसे. दार सताड उघडं असलं, तरी चपला काढून ती उंबऱ्याबाहेर ताठ उभी राही आणि लांब हेल काढून म्हणे, "मी देगलूरची शांतव्वा, पोचव्वाची लेक, लेंडी नदीचं पाणी पिऊन वाढलेली. आत येऊ का?" आतून "ये गं" ऐकू आल्याशिवाय पाऊल टाकत नसे.

नातवंडांनो, ती आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, मी इंग्रजी. शिष्यवृत्तीवर ती वर्षभर हवाई बेटांवर राहून आली होती. ही रीत तिथली. तिथल्या मूळ लोकांत पाहुणा बाहेरच थांबतो, आपण कोण, कुणाचे, कुठले ते गाऊन सांगतो. यजमानानं गाऊन उत्तर दिलं की मग आत जायचं.

"तिथल्या राणीला उसाच्या मळेवाल्या गोऱ्यांनी गादीवरून उतरवलं, बाई," ती सांगे. "त्यांचा नाच वाईट ठरवला. शाळेत पोरगं स्वतःची भाषा बोललं की शिक्षा. मग नातवंडांना आजीची बोलीच समजंना. पुढं त्याच म्हाताऱ्यांना बालवाडीत नेऊन बसवलं, शिकवा म्हणून." मग म्हणे, "माझ्या आईची तेलुगू मात्र मीच सोडली. नांदेडच्या पोरी हसत्यात म्हणून. कुणी बंदी न्हाई घातली बघा."

मला टापटीप प्रिय. "अगं, बेल कशाला बसवली आहे?" मी एकदा चिडून विचारलं.

"बेलला माझ्या आईचं नाव घेता येतं का?"

तुमच्या आईला बघायला पुण्याची मंडळी आली होती, तेव्हाची गोष्ट. मी चहा गाळत होते. दारातून शांतव्वाचा हेल आला. पाहुण्यांतल्या एक बाई हसल्या, "कुणी मागायला आलंय वाटतं."

ही माझी मैत्रीण, एवढंच म्हणायचं होतं. मी कपात साखर ढवळत राहिले. शांतव्वानं दारातून पुन्हा एकदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज आला नाही. मंडळी गेल्यावर पाहिलं, तर फाटकाच्या कडीला अबोलीचा गजरा अडकवलेला. तुमच्या आईसाठी आणला होता.

दुसऱ्या दिवशी मी खोटं बोलले, "काल ऐकू आलं नाही गं."

"हाव, पाहुणे होते ना," ती म्हणाली आणि वह्या तपासायला लागली.

त्यानंतरही ती येत राहिली. दिवाळीला, माझ्या आजारपणात, तुमच्या बारशांना. पण बेल वाजवून. माफी मागायला मला पुढं कितीतरी वर्षं होती. रोज उद्यावर टाकली.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तेराव्याला मी देगलूरला गेले. चपला काढून तिच्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि तिच्यासारखाच हेल काढून म्हणाले, "मी नांदेडची सुमती, यमुनेची लेक, गोदावरीकाठची. आत येऊ का?"

तिची भाची लगबगीनं बाहेर आली.

"मावशी, दार उघडंच हाय की. कुणाला विचारून राहिलात?"