साहेबांच्या फायलीतला कागद

“अगं, ही फाईल धर. आत देऊन ये.”

वाशीमच्या खाजगी दवाखान्यात, भरल्या बाकांसमोर, साहेब मला असं म्हणाले. ते रिटायर होऊन सहा वर्षं झालेली, मी होऊन दोन. तरी माझा हात पुढे गेला. त्यांच्या ऑफिसात एकतीस वर्षं शिपाई होते मी.

त्याच्या आधी पाच मिनिटं, खिडकीवरच्या बाईनं मला हाकललं होतं. माझ्या नवऱ्याचं डायलिसिस होतं. आठवड्यातून दोनदा, दीड वर्षापासून, इथंच, माझ्या विम्याच्या कार्डावर. बाईनं कार्ड हातातही घेतलं नाही.

“या कंपनीशी आमचा करार एक तारखेला संपला. कॅशलेस बंद. पैसे भरा, नाहीतर अकोल्याला जा.”

“आमाले तं कोनं सांगतलं नाही.”

“मेसेज आला असेल. वाचता येत नसेल तर आम्ही काय करायचं? लाईन सोडा.”

मागचे दोघं हसले. नवरा बाकावर बसून होता. जन्मभर मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून बाजारात नेणारा माणूस. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. म्हणाला, “चाल घरी. कायले भांडून राह्यली?”

घरी जाऊन काय? डायलिसिस चुकलं की छातीत पाणी भरतं. एकदा पाहिलं होतं मी ते.

आणि अशात साहेबांची फाईल माझ्या हातात. मला वाचता येत नाही, असंच ते धरून चालायचे. सातवी शिकलेय मी. त्यांच्या किती फायली जिन्यात उभं राहून वाचल्यात. हीही उघडली.

तीच कंपनी. तीच रिटायर लोकांची पॉलिसी. आजारही तोच. वरच्या कागदावर लिहिलेलं, ‘करार संपण्यापूर्वी सुरू झालेला उपचार याच रुग्णालयात चालू ठेवण्याची विनंती.’ खाली दवाखान्याचा शिक्का. मागे कंपनीची मंजुरी टाचलेली.

म्हणजे सोय होती. फक्त मला सांगायची नव्हती.

मी परत फिरले. “साहेब, हा कागद तुमाले कोनं देला?”

“डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांनीच करून घेतला. तुला काय करायचंय?”

“माह्या नवऱ्याचंबी तेच हाय.”

“तुम्हा लोकांना नाही जमायचं हे. सरकारीत ने त्याला.”

तुम्हा लोकांना. ऑफिसात माझा कप खिडकीत वेगळा ठेवायला त्यांनीच लावला होता. तेव्हा मी गप्प बसले. पोटासाठी. एकतीस वर्षं.

मी फाईल त्यांच्या मांडीवर ठेवली. “तुमची फाईल तुमीच न्या.”

तशीच खिडकीवर गेले.

“चालू उपचाराचा फारम द्या. नसान देत, तं ‘देत नाही’ असं लिहून द्या. शिक्का मारून.”

“असं लिहून देत नसतो आम्ही.”

“मंग मी इथून हालत नाही.”

मागची माणसं ओरडली. मी हलले नाही. शेवटी बाईनं टेबलाचा खण ओढला. फॉर्मचा गठ्ठा तिथंच होता. तिच्या हाताशी.

मंजुरी यायला चार दिवस लागले. तोवर त्याला एस.टी.नं अकोल्याला नेलं. उतरताना त्याला श्वास पुरत नव्हता. दोन अनोळखी बायांनी धरून उतरवला. वाचला. माफी कुणी मागितली नाही.

त्यानंतर मी आमच्यासारखे शोधत फिरले. रिटायर शिपाई, सफाईवाले, ड्रायव्हर. प्रत्येकाला सांगते, जाण्याआधी कंपनीला फोन करून विचार, दवाखाना यादीत आहे का. उपचार चालू असेल तर फॉर्म माग. नाही म्हणाले तर लेखी घे. कंपनीनं ऐकलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. धनजच्या एका रिटायर बाईला तिचा फॉर्म असाच मिळाला.

दवाखान्यांची यादी बदलायच्या आधी मराठीत, कागदावर कळवा, असा अर्ज आम्ही कंपनीला दिला. उत्तर आलं, ‘नोंद घेतली आहे.’

तेवढ्यानं भागत नाही. सोमवारी आम्ही सतरा जण त्यांच्या ऑफिसात जातोय. खुर्च्या दिल्या तर खुर्चीवर बसू, नाही दिल्या तर तिथल्या साहेबाच्या दारात. कधीपासून कळवणार त्याची तारीख आणि खाली सही घेतल्याशिवाय एकही उठणार नाही.