चौथा डाग

"पुसा," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले आणि पिवळं फडकं माझ्या पायाजवळ टाकलं. हातात दिलं नाही. टाकलं.

बॅडमिंटनचा हॉल. खाली पॉलिश केलेलं लाकूड, त्यावर काळे ओरखडे. कोर्टावर माझी सुजाता, वय चौदा. क्लबच्या टीमची निवड तिच्यामुळे थांबलेली. कडेच्या खुर्च्यांवर बाकीच्या पोरांचे आईबाप.

"हे पळायचे बूट आहेत. यांनी कोर्ट खराब होतं." मग खुर्च्यांकडे वळून, "उत्तर नागपुरातून येतात. या लोकांना खेळ पाहिजे, खेळाची रीत नको."

दोन-चार जण हसले. मी गुडघ्यावर बसलो आणि पुसायला लागलो.

हो, बसलो. वय सत्तेचाळीस, पोट पुढे, पँट कमरेत आवळलेली. खाली बसताना गुडघा असा वाजला की पहिल्या खुर्चीतल्या बाई दचकल्या.

चूक माझी होती, ते आधीच सांगून टाकतो. लकडगंजात बावीस वर्षं टायरच्या दुकानात आहे मी. शेतातल्या ट्रॅक्टरला कोणतं, कारला कोणतं, हे गिऱ्हाइकाला न विचारता सांगतो. कोणी चुकीचं मागितलं तर भाषणही देतो, फुकटात. आणि स्वतःच्या पोरीला बूट घ्यायची वेळ आली तेव्हा? जरीपटक्याच्या बाजारात गेलो आणि दुकानातले सगळ्यात जाड, सगळ्यात चकाचक बूट उचलले.

"कौनसा गेम है?" दुकानदाराने विचारलंसुद्धा.

"सब गेम," मी ऐटीत म्हणालो.

वर दोन नंबर मोठे घेतले. आमच्या घरात पायाच्या मापाचे बूट कधी कोणी घेतलेच नाहीत. वाढत्या मापाचे घ्यायचे, पुढे कापूस कोंबायचा, पाय वाढेल तसा कापूस काढायचा. माझ्या बापाने माझ्यासाठी हेच केलं. पाय बुटाएवढा व्हायचा तोवर बूट फाटलेला असायचा.

"अजी, पोरीले विचारा तरी," बायको म्हणाली होती.

"तिले काय विचारू? रबर मले कळते."

कळतं ना. पळणारा सरळ जातो, म्हणून त्या बुटांची टाच उंच आणि गुबगुबीत. बॅडमिंटनमध्ये पोरगी डावीकडे-उजवीकडे झेपा टाकते. तिथे उंच टाचेवर पाय मुरगळतो, तळवा बसका पाहिजे. आणि फिक्या रबराचा. काळ्या रबरात काजळी असते, ती लाकडावर उतरते. माझी भाकरी याच विद्येवर आहे. फक्त पोरीचा पाय आणि टायर एका वेळी डोक्यात आले नाहीत.

तर मी पुसत होतो. पहिल्या डागात बारीक चौकटी उमटल्या होत्या. सुजाताच्या तळव्याची नक्षी. पुसला. दुसरा, तिसरा, तेही तिचेच. पुसले.

चौथ्या डागावर हात थांबला.

लाटा. चौकटी नाहीत, नागमोडी लाटा. रस्त्यावर टायर घासल्याची खूण पाहून गाडी कोणती ते मी सांगतो, इथे तर नाकापासून हातभर अंतर. पुढचे सहा डागही लाटांचेच.

मान वर केली. सेक्रेटरी समोर खुर्चीत बसले होते, पायावर पाय टाकून. सकाळी निवड सुरू व्हायच्या आधी याच कोर्टावर ते हात मोकळा करून घेत होते. त्यांच्या बुटाचा तळवा बरोबर माझ्या तोंडासमोर होता.

काळाभोर. त्यावर लाटा.

मी उठलो. गुडघा परत वाजला, वाजू दे. फडकं त्यांच्या हातात दिलं. टाकलं नाही.

"आमचे तीन होते, पुसले. हे तुमचे आहेत."

"काय बोलता?"

"पाय खाली नका घेऊ. तळवा सगळ्यांले पाहू द्या."

एकही माणूस उठून डाग पाहायला आला नाही. सेक्रेटरींनी पाय खाली घेतला आणि यादी धरून बसलेल्या बाईंना म्हणाले, "या मुलीचं नाव काढा. वडिलांची वागणूक बरोबर नाही."

बाईंनी नावावर रेघ मारली. सकाळचा सामना सुजाता जिंकली होती. कापूस भरलेल्या बुटांत.

घरी जाताना ती स्कूटरवर मागे बसली होती. बूट पिशवीत, पाय अनवाणी. मागूनच म्हणाली,

"बाबा, त्यानं फडकं टाकलं तवाच 'नाही' असं काहून नाही म्हटलं?"

"चूक आपली होती ना, बेटा."

"मंग बूट बदला म्हणायचं होतं त्यानं. तुम्ही खाली काहून बसले?"

माझे आजोबा बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरी आले ते ताठ. मालकाच्या दारात वाकणं त्या दिवशी संपलं, असं मला मांडीवर घेऊन सांगायचे. आणि मी? मला कोणी ढकललं नव्हतं. त्याने फडकं टाकलं आणि माझे गुडघे आपोआप वाकले. त्या माणसाचा राग आहेच, तो जाणार नाही. पण या गुडघ्यांचा जास्त आहे. मिळेल त्यात पाय घाल, कापूस कोंब, गप्प राहा. हेच मी पोरीच्या पायात घालायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी दिवसभराचं काम संपल्यावर नवे बूट घेतले. संध्याकाळी पाय थोडा फुगलेला असतो, तेव्हाच माप खरं कळतं. खेळायचे मोजे घालून सुजाताने दुकानात डावी-उजवीकडे झेपा टाकून पाहिल्या. बोलली ती, मी तोंड बंद ठेवलं. बसका, फिका तळवा. अंगठ्यापुढे नखाएवढी जागा. कापूस नाही.

पुढच्या निवडीला आम्ही जाणार आहोत. नाव काढलं तर कारण कागदावर मागू, आणि कागद मिळेपर्यंत हॉलमधून हलणार नाही. सुजाताच्या बुटांचे तळवे मी दारातच दाखवीन. मग बाकीच्यांचे पाहीन. सेक्रेटरींचे सगळ्यात आधी.

आणि फडकं पुन्हा पायाजवळ पडलं, तर ते तिथेच पडून राहील.