दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यातला बिल्ला

लढाई संपली आणि माझा नवरा इटलीहून कोरेगावच्या ठेसनावर उतरला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत माझ्यासाठी साडी नव्हती, कॅमेरा होता. बरेच दिवस मी धुसफुसत होते. कॅमेरा म्हणावा तर तो तसा दिसतही नव्हता. उभी काळी पेटी आणि तिला पुढच्या बाजूला एकावर एक दोन भिंगं. इटलीतल्या एका म्हाताऱ्याने साखर आणि डब्यातल्या दुधाच्या बदल्यात ती दिली होती. मोठ्या हौसेने घेतलेली त्याची वस्तू, पण घरात नातवंडं उपाशी. हे कळल्यावर माझा निम्मा राग उतरला. उरलेला साडीपुरता ठेवला.

दोन भिंगं कशाला, हे नवरा येईल त्याला रंगवून सांगायचा. पूर्वी फोटोवाला काळ्या कापडात डोकं खुपसून समोरचा माणूस बघायचा. मग फोटोची काच आत सरकवली की त्याला पुढचं काही दिसायचं नाही. तेवढ्यात माणूस हलला तर सगळी मेहनत पाण्यात. शेवटी कुणीतरी डोकं चालवलं आणि पेटीला दोन डोळे दिले. खालचा फोटो काढतो, वरचा नुसता बघतो. वरच्या डोळ्यामागे तिरका आरसा असतो, तो समोरचा माणूस पेटीच्या माथ्यावरच्या काचेवर आणून दाखवतो. माथ्याचं झाकण उघडायचं, पेटी पोटाशी धरायची आणि विहिरीत डोकावावं तसं खाली बघायचं. एकच खोड होती. काचेवर डावं उजवीकडे दिसायचं आणि उजवं डावीकडे. फोटो मात्र सरळ यायचा.

आमच्या आळीतल्या बायकांना हा कॅमेरा आवडला तो त्या खाली बघण्यामुळे. फोटो काढणारा डोळे रोखून बघत नाही, मान खाली घालून उभा राहतो, याचं त्यांना फार बरं वाटायचं. माझ्या नवऱ्याची मान इतका वेळ खाली असलेली मीही पहिल्यांदाच पाहत होते.

माझे थोरले दीर मात्र त्याच लढाईतून परत आले नाहीत. त्यांच्या शौर्याचा बिल्ला साताऱ्याला साहेबाने मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हातात दिला होता. मामंजी स्वतः आधीच्या लढाईचे पेन्शनर. त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगला. माझी जाऊ रोज पदराने पुसायची. आता पलूसहून तिचे भाऊ तिला आणि तिच्या लेकीला कायमचं न्यायला येणार होते. जाऊ कधी काही मागणारी बाई नव्हती. जाताना तिने नवऱ्याचा बिल्ला तेवढा मागितला.

मामंजी म्हणाले, तो घराण्याचा आहे, घरातच राहील. ती ताटातली भाकरी तशीच ठेवून उठू लागली. मला भयंकर राग आला होता, पण चुलीपाशी भांडी आपटण्यापलीकडे सुनेच्या हातात काय असतं?

मधला मार्ग नवऱ्याने काढला. बिल्ला नाही तर नाही, तो लावून काढलेला फोटो तरी वहिनीला नेऊ द्या. मामंजी कबूल झाले, पण फोटो पलटणीच्या रीतीनेच निघाला पाहिजे म्हणाले. ही रीत आमच्या घरात पोराबाळांनाही पाठ होती. स्वतः मिळवलेला बिल्ला डाव्या छातीवर लावायचा. गेलेल्या माणसाचा त्याच्या घरच्यांनी लावायचा तो उजवीकडे.

परसात शेवग्याखाली जाऊ उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला, त्यावर उजवीकडे बिल्ला. मामंजींनी आधी स्वतः पेटीत वाकून पाहिलं आणि त्यांच्या भुवया चढल्या. काचेवर बिल्ला जिवंत माणसाच्या जागी, म्हणजे डाव्या छातीवर, दिसत होता. त्यांनी तो दुसऱ्या बाजूला लावायला सांगितलं.

"आबा, काच उलटं दावती," नवरा हळूच म्हणाला.

"काचंत दिसतंय तसंच फोटूत उतरणार. तुझ्या आदी पलटणीत गेलोय मी."

झालं. तोफांपुढे न हललेला माझा नवरा बापापुढे मुका झाला. जाऊने बिल्ला काढून डावीकडे लावला. मामंजींनी पुन्हा काचेत बघून समाधानाने मान हलवली आणि नवऱ्याने खटका दाबला.

साताऱ्याच्या फोटोवाल्याकडून फोटो आला, तेव्हा जाऊचे भाऊ ओसरीवर येऊन बसले होते. गाडी जुंपायची तेवढी बाकी होती. मामंजींनी चष्मा लावून फोटो उजेडात धरला. जाऊ सरळ समोर बघत होती आणि बिल्ला तिच्या डाव्या छातीवर होता. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. आता फोटो फाडतात की काय, असं मला वाटलं.

फिल्म अजून शिल्लक आहे, परत काढू, असं नवरा कसंबसं म्हणाला. मामंजींनी फोटोतल्या बिल्ल्यावर बोट टेकवलं.

"नगं," ते म्हणाले. "डावीकडं हाय, म्हंजी तिचा हाय."

त्यांनी उठून खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि जाऊपुढे धरला. तिचा हातच पुढे होईना. आमच्यात विधवेची ओटी भरत नाहीत. नवरा गेल्यापासून ती माहेरी निघाली की कुणी तिच्या पदरात काही घालत नसे. त्या दिवशी तिने पदर पसरला आणि मामंजींनी त्यात बिल्ला घातला.