सीटवरून उठायचं नाही

मडिवाळप्पांच्या कमरेत देवानं बहुधा स्प्रिंग बसवून दिली होती. समोरून पांढरंशुभ्र धोतर येताना दिसलं, की ते आपोआप उभे राहत. "शरणार्थी अप्पा!" असा लिंगायती नमस्कार घालत, हात जोडून, पार वाकून. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचं लॉन ते कित्येक वर्षं सांभाळत होते, पण त्यांनी बसून कुणाला नमस्कार केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ते उठत नसत फक्त बायकोसाठी. नीलम्मासाठी उठायची चाल आपल्याकडे नाही, तेव्हा त्यांना तरी काय बोल लावणार?

ज्या लातूरला एकदा रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात लग्नाला हिरवळ हवीच. नाहीतर फोटो चांगले येत नाहीत. म्हणून मालकांनी बसून चालवायची गवत कापायची गाडी आणली. सोबत एक पुस्तिका आली. तेल बघा, पाती साफ करा, पट्ट्यात अडकलेला कचरा काढा, आणि गाडी सुरू करण्याआधी सीटखालचा खटका तपासा, असं तिच्यात चित्रांसकट सांगितलं होतं. शेवटच्या चित्रात पात्याखाली आलेला एक पाय होता, त्यावर लाल फुली. मडिवाळप्पांनी पुस्तिका कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवून दिली.

देखभालीत मात्र त्यांनी कसूर केली नाही. दर सोमवारी गाडीला आंघोळ, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे, अगरबत्ती, आणि नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली झेंडूची माळ. देवाची जुनी माळ काढणं जिवावर यायचं, म्हणून नवी तिच्यावरच चढायची. तेल? ते समईत असायचं.

सगळं सुरळीत होतं, फक्त तो खटका आडवा येत होता. सीटवरचा माणूस उठला की इंजिन गप्प. मडिवाळप्पांचं तर उठणं संपेना. कार्यालय बघायला माणसं येत, हे उठत, गाडी बंद पडे.

"लई उर्मट मशीन हाय," ते नीलम्माला म्हणाले. "माणसाला माणसावाणी वागू देईना."

"मग बसूनच हात जोडा की."

"बसून? लोक म्हणतील, मडिवाळप्पाला माज आला."

तसं कुणी म्हणण्यापेक्षा मेलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. त्यांनी खटक्याच्या दोन्ही वायरी सोलल्या, एकमेकींना पीळ दिला आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. गाडी 'डायरेक्ट' झाली. गिअर काढायचा, उभं राहायचं, हवं तेवढं वाकायचं. इंजिन बिचारं घरघरत वाट बघायचं. शिष्टाचारापुढे कंपनीची अक्कल ती काय!

एका लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ते गवत कापत होते. नीलम्मा लॉनच्या टोकाला पाठमोरी बसून लव्हाळा खुरपत होती. गाडीच्या घरघरीची तिला इतकी सवय झाली होती, की तो आवाज तिच्या कानात शिरतच नसे. तेवढ्यात फाटकातून उमाशंकरअप्पा आत आले. उदगीरचे मोठे आडत व्यापारी, नातवाच्या लग्नासाठी जागा बघायला आलेले. एवढ्या माणसाला नुसतं उभं राहून कसं भागेल? मडिवाळप्पा खाली उतरले, धावले आणि थेट पायांवर डोकं ठेवलं. गिअर काढायचा राहून गेला.

अप्पा मोबाइलवर तुरीचा भाव विचारत होते. पायावर काय पडलंय ते न बघताच ते मांडवाकडे निघून गेले.

मडिवाळप्पांनी डोकं वर केलं, तर रिकामी गाडी विभूती लावून, माळा घालून संथपणे नीलम्माच्या पाठीकडे चालली होती. पाती गरगरत होती.

"ऊठ! नीलम्मा, ऊठ!"

ती कशाला उठते? घरघरीत हाक बुडून गेली. ते धावले, धोतर पायात आलं आणि तोंडावर आपटले. पडल्या पडल्या त्यांनी डोळे मिटून घेतले. आणि एकदम आवाज थांबला. थरथरीनं घसरलेल्या माळा पाती फिरवणाऱ्या पट्ट्यात ओढल्या गेल्या होत्या, दोरा करकचून आवळला होता, इंजिन गुदमरून बंद पडलं होतं.

नीलम्मानं वळून पाहिलं. "काय ओ, पडलात कसे? अन् गाडी इथं कशाला आणून लावली?"

लोकांना कळतं, तर सगळ्यांनी हे पूजेचं फळ म्हटलं असतं. मडिवाळप्पांना मात्र फक्त गाडी आणि तिची पाठ यांच्यामधलं हातभर न कापलेलं गवत दिसत होतं. ते तिथंच बसून लहान मुलासारखे रडले. गुडघा दुखावला असेल म्हणून तिनं हळद लावली. त्यांनी गुडघा पुढे केला.

संध्याकाळी पुस्तिका देव्हाऱ्यातून खाली आली. खटक्याच्या वायरी पुन्हा जागच्या जागी बसल्या. माळा कापून निघाल्या. इंजिनातलं तेल मोजायची कांडी पहिल्यांदाच बाहेर आली, ती जवळजवळ कोरडी होती.

पुढं नातवाच्या लग्नाला उमाशंकरअप्पा सगळा गोतावळा घेऊन आले. मडिवाळप्पा कडेची पट्टी कापत होते. त्यांनी सीटवर बसूनच हात जोडले. अप्पा थबकले, वाट पाहिली, तोंड वाकडं केलं आणि पुढे गेले. बातमी स्वयंपाकघरात पोचायला कितीसा वेळ लागतो? नीलम्मा कणकेच्या हातानं तरातरा आली.

"एवढे मोठे अप्पा आले, अन् तुम्ही जागचे हललात न्हाई? लोक म्हणायलेत, मडिवाळप्पाला माज आला!"

मडिवाळप्पांनी गिअर काढला, इंजिन बंद केलं, सावकाश खाली उतरले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"व्हय," ते म्हणाले, "आला."