तुळयांची कापलेली टोकं

मी वैशालीचा गुन्हेगार आहे. १९९९ चा मे महिना, सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची ग्रामसभा. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आणि दुसऱ्यांची लफडी चव्हाट्यावर आणणारी पत्रकं मात्र गठ्ठ्यांनी लिहिली.

वैशाली माझी नाशिकची मैत्रीण, नुकतीच आर्किटेक्ट झालेली. पाड्यावरच्या बायका भिंतींवर सुंदर चित्रं काढत, पावसाळ्यात ती धुऊन जात. त्यांच्यासाठी तिनं एक छोटं लाकडी दालन आखलं. विजेचा भरवसा नाही, म्हणून छपरात उत्तरेकडे उभी काच — उजेड आत येईल, ऊन येणार नाही. लाकूड पाडलेल्या जुन्या घरांचं. त्या तुळया मी स्वतः तिच्याबरोबर टेम्पोत चढवल्या होत्या.

मग बिनसलं कुठे? मी म्हणालो होतो, काच कसली, समोरची भिंतच काढून टाक, लोकांना खुलं ठेव. ती चारचौघांत हसली. "प्रमोद, चित्रं बघायचीत रे बाबा, सभा नाही घ्यायची!"

एवढंच. खरंच एवढंच होतं — की माझ्यावाचून काही चांगलं उभं राहतंय, हेच मला बघवत नव्हतं?

नाशकातल्या सुतारानं तुळयांची टोकं नुकतीच कापली होती. मी फोटो काढला तो फक्त त्या ताज्या टोकांचा. जुन्या खाचा, खिळ्यांची भोकं, चुलीच्या धुरानं आलेला काळेपणा — काही दिसू दिलं नाही. तो पत्रकात छापला आणि वर मथळा ठोकला, 'जंगल तोडून चित्रं टांगणार?'

दालनाला जागा द्यायची का, हे ठरवायच्या सभेत लाकूड नव्हतं, पत्रक होतं. सरपंचकाकांनी ते फडकवलं. "पोरी, लाकूड कुठलं हाय?"

"जुन्या घरांचं, काका."

"मंग हे छापलंय ते काय उगाच?"

ती माझ्याकडे वळली. "प्रमोद, सांग ना! तू होतास ना बरोबर!"

आणि मी — मी म्हणालो, "मला नक्की आठवत नाही."

गावानं जागा नाकारली. दालन झालंच नाही. त्या पावसात चित्रं पुन्हा धुऊन गेली, आणि वैशालीनं तो नकाशा परत कधी उघडला नाही. तिला वाटतं, मी ऐनवेळी कच खाल्ली. तेवढंच वाटतं. पत्रक कुणी लिहिलं, ते तिला ठाऊक नाही. खाली मी 'एक जागरूक नागरिक' असं छापलं होतं.

तो कागद तुमच्या घरात कुठे पडला असेल, तर फाडू नका. जागरूक नागरिक खोडा. तिथे माझं नाव लिहा.