निकोबारचे पाच खंड्या

खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नोकरीचा विषय निघाला की मला अजूनही आधी आठवतात ते पाच मेलेले पक्षी.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिसंग्रहातून निकोबार बेटांवरचे पाच खंड्या चोरीला गेल्याची फिर्याद आली. कापूस भरून जतन केलेले, फार जुने नमुने. कपाटाचं कुलूप शाबूत होतं आणि चावी असायची तिथल्या परिचराकडे. सगळे त्यांना मामा म्हणत. निवृत्तीला दोन महिने उरले होते. गुन्हा अंगावर आला असता तर पेन्शन अडकली असती. मी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये चहा घेतला आणि मामांना ठाण्यात बोलावून दिवसभर उभं ठेवलं. असं तीन दिवस. "म्या न्हाय घेतली, साहेब," याखेरीज ते काही बोलले नाहीत. अशी साधी दिसणारी माणसंच पक्की असतात, असं मी हवालदारांना ऐकवलंही.

चौथ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. कागलजवळ हायवेला शोभेच्या वस्तूंच्या दुकानात निळे पक्षी विकायला आलेत. छापा घातला, पाचही मिळाले. पण पायाला बांधलेल्या, कॉलेजच्या नोंदीच्या चिठ्ठ्या कापून टाकलेल्या. दुकानदार बेरकी होता. म्हणाला, "कॉलेजचं कशाला असतील? गगनबावड्याखाली, कोकणातल्या खाडीवर मेलेली घावली की. एकानं आणून दिली." वनखात्याला विचारलं, तर हा खंड्या तिकडे क्वचित का होईना, पण दिसतो, असं उत्तर आलं. आता हे पक्षी कॉलेजचेच, हे सिद्ध कसं करायचं? विभागप्रमुखांनी हात वर केले. म्हणाले, मामांना विचारा.

कॉलेजच्या संग्रहाच्या खोलीत मामांनी पक्षी खिडकीपाशी नेले. "दिवा बंद करा साहेब, दिव्यात रंग खोटा दिसतोय." मग दुसऱ्या खणातून कोकणातला एक आणि अंदमानचा एक नमुना काढला. सगळ्यांच्या पाठी वर, चोची एका दिशेला, अशी एका ट्रेमध्ये ओळ मांडली. मला सगळे सारखेच दिसत होते. हिरवट निळे, गळ्याभोवती पांढरा पट्टा.

"भुवई बघा," मामा पेन्सिलीनं डोळ्यावरची फिकी पट्टी दाखवत म्हणाले. "कोकणातल्याची बारीक. अंदमानच्याची बी बारीकच, पण पाठ काळपट. आन् तुमच्या ह्या पाचांची? रुंद, पिवळसर, पार मानंमागं जाऊन मिळालीया. ही निकोबारचीच."

एकदा दिसलं आणि मग दिसतच राहिलं. पक्षी तोच, मध्ये फक्त समुद्र, आणि बेटाबेटानं त्याला आपापली भुवई दिलेली. हे सगळं त्या लाकडी खणात किती वर्षं पडून होतं, आणि वाचणारा होता सातवी शिकलेला माणूस.

"मामा, हे कुणी शिकवलं?"

"कोण शिकवतंय? तीस वर्सं डांबराच्या गोळ्या बदलतोय. शेजारीशेजारी ठिवली की दिसतंय."

तोच ट्रे दुकानदारापुढे ठेवला. "निकोबारची पाखरं गगनबावड्याखाली येऊन कशी मेली, तेवढं सांग." त्यानं दोनदा पाहिलं आणि पक्षी आणून देणाऱ्याचं नाव सांगितलं. संग्रह कॉम्प्युटरवर चढवण्यासाठी फोटो काढायला आलेला माणूस होता तो. त्याला दोन दिवस चावी विभागप्रमुखांनीच दिली होती. ते सांगायला विसरले आणि मी त्यांना विचारलंच नव्हतं. साहेब लोकांना असं विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक तपासात मी शिपायाला जे विचारलं, ते साहेबालाही विचारलं. काही साहेब रागावले, त्याला इलाज नव्हता.

मामा वेळेवर निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी माफी मागायची ठरवून गेलो. हारतुरे घालून ते पहिल्या रांगेत बसले होते. मला दारात पाहताच ते झटकन उठून उभे राहिले, हात बांधून, ठाण्यात राहायचे तसे. 'मामा, बसा' एवढंच म्हणायचं होतं, पण मीही तसाच हात बांधून दारात उभा राहिलो.